रानसफरचंदाचं झाड ओळखायचं कसं, आणि ते इतकं अवघड का झालंय

युरोपच्या जंगलात सफरचंदाची एक मूळ रानटी जात आहे. फळ जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, हिरवट-पिवळं. चावलं की दात आंबतात आणि तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. इंग्लंडमध्ये तिला क्रॅब ॲपल म्हणतात, वनस्पतिशास्त्रात मेलस सिल्वेस्ट्रिस. आपण रानसफरचंद म्हणू. ब्रिटन-आयर्लंडपासून पूर्वेला रशियापर्यंत आणि स्कँडिनेव्हियाच्या दक्षिण भागापासून खाली स्पेन-ग्रीसपर्यंत ती आढळते. जर्मनीने २०१३ साली तिला ‘वर्षाचा वृक्ष’ म्हणून निवडलं. पसारा एवढा मोठा असला तरी अस्सल झाडं फार विरळ उरली आहेत, आणि त्याकडे लोकांचं लक्ष जावं हा त्यामागचा हेतू होता.

विरळ का, हे समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागतो. झाडं तोडली, जंगलं गेली हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. झाड जागेवर उभं असतं, दर वसंतात फुलतं, दर शरदात फळतं, तरीही पुढच्या पिढीत ती जात उरेलच याची खात्री नसते. याचं मूळ या झाडाच्या एका अगदी आतल्या गुणात आहे. त्या गुणामुळेच ही जात हजारो वर्षं टिकली आणि आज त्याच गुणामुळे ती पातळ होत चालली आहे. तिथे पोचायच्या आधी झाड नीट पाहून घेऊ.

मी सध्या इंग्लंडमध्ये राहते. इथे रस्त्याच्या कडेला, रेल्वेरुळांच्या शेजारी, पडीक जागेत लहान सफरचंदांनी लगडलेलं झाड दिसलं की लोक सर्रास त्याला क्रॅब ॲपल म्हणतात. त्यातली बरीचशी झाडं क्रॅब ॲपल नसतातच. कोणीतरी खाऊन फेकलेल्या सफरचंदाच्या गाभ्यातून उगवलेली ती झाडं. गाडीच्या खिडकीतून गाभा भिरकावला, बी रुजली, झाड झालं. फळ लहान आणि आंबट निघालं की बघणाऱ्याला ते रानटी वाटतं.

अस्सल रानसफरचंद फार उंच होत नाही. दहा मीटर म्हणजे पुष्कळ झालं. घेर पसरट, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खोड बहुतेक वेळा थोडं वाकडंतिकडं. जुन्या झाडाची साल करडी-तपकिरी आणि बारीक खवल्यांनी सुटणारी असते. फांद्यांना आखूड कोंब फुटतात आणि त्यातल्या काहींची टोकं टणक होऊन काट्यासारखी होतात. हात घालून फळं काढायला गेलं की ओरखडे उठतात. झाड शंभर वर्षांच्या आसपास जगू शकतं.

एप्रिल-मे महिन्यांत फुलं येतात. कळ्या गुलाबी, उमलल्यावर पाकळ्या आतून पांढऱ्या आणि पाठीमागे गुलाबी झाक. पाच पाकळ्या, वीसच्या आसपास पुंकेसर, त्यांची टोकं पिवळी. गुलाब, स्ट्रॉबेरी, बदाम, नासपती ही सगळी याच कुळातली. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचं फूल जवळून पाहिलेल्यांना ही पाच पाकळ्यांची ठेवण लगेच ओळखीची वाटेल.

फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार होतं. ते आडवं कापून पाहा. मध्यभागी पाच कप्प्यांची चांदणी दिसते, प्रत्येक कप्प्यात साधारण दोन बिया. ही चांदणी म्हणजे फुलातल्या बीजांडकोशाचा भाग. तिच्या भोवतीचा गर मात्र बीजांडकोशातून आलेला नसतो. पाकळ्या, पुंकेसर आणि फुलाखालची हिरवी दलं यांची बुडं एकत्र जुळून फुलाच्या तळाशी एक पेला तयार झालेला असतो. तो पेला फुगून गर होतो. फळाच्या खालच्या टोकाला वाळकी पाच टोकं चिकटलेली दिसतात, ती त्याच फुलाची हिरवी दलं. बाजारातल्या सफरचंदालाही ती असतात. धुताना बोट तिथे घातलं की माती निघते. रानटी आणि लागवडीचं, दोन्ही फळं आतून एकाच घडणीची आहेत. खरी अडचण इथूनच सुरू होते.

फळाचा आकार, रंग आणि चव यांवरून निर्णय देता येत नाही. मग कशावरून द्यायचा? पानाच्या पाठीवरून. उन्हाळ्याच्या शेवटी, पान पूर्ण वाढलेलं असताना, ते उलटं करून अंगठ्याने चोळून पाहायचं. लागवडीच्या सफरचंदाच्या पानाची मागची बाजू मऊ, लवदार लागते, तिच्यावर पांढुरकी लव असते. अस्सल रानसफरचंदाचं पान मागूनही गुळगुळीत असतं. फार तर शिरेच्या कडेला चार केस, तेही भिंगातून दिसतील असे. कोवळ्या पानावर थोडी लव असू शकते, म्हणून वसंतात ही परीक्षा करायची नाही. फुलाचा देठ आणि हिरव्या दलांची बाहेरची बाजूही तशीच पाहायची: रानटी असेल तर गुळगुळीत, लागवडीचं असेल तर लोकरीसारखी लव. फळाचा व्यास तीन सेंटिमीटरच्या बराच पुढे गेला, किंवा फळाला गडद लाल रंग चढला, तर संशय घ्यायचा. उन्हाच्या बाजूला हलकी लाली चालते.

पण पान अर्धवट लवदार, फळ साडेतीन सेंटिमीटर, फांद्यांना थोडेसे काटे, अशी झाडं हमखास भेटतात. रानटीही म्हणवत नाही आणि लागवडीचंही. ही मधली झाडं कुठून आली हे कळायला फुलाच्या आत जायला हवं.

सफरचंदाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. तरी बहुतेक झाडांना स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडला की त्यातून एक बारीक नळी निघते आणि स्त्रीकेसराच्या दांड्यातून खाली बीजांडाकडे वाढत जाते. ही वाट मोकळी नसते. प्रत्येक झाडाला जन्मतः दोन खुणा मिळालेल्या असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्या झाडाच्या स्त्रीकेसरात दोन्ही खुणांची प्रथिनं तयार होतात. परागकणाकडे मात्र दोनपैकी एकच खूण असते. परागाची खूण आणि स्त्रीकेसराच्या दोन खुणांपैकी कुठलीही एक जुळली, की ते प्रथिन परागनळीच्या आत शिरून तिचं कामकाज बंद पाडतं आणि नळी अर्ध्या वाटेत थांबते. खूण वेगळी असेल तर परागनळीकडे त्या प्रथिनावर उतारा असतो आणि ती खालपर्यंत पोचते.

म्हणजे झाडाचा स्वतःचा पराग नेहमीच अडतो, कारण त्याच्या दोन्ही खुणा स्त्रीकेसरात हजर असतात. सख्ख्या भावंडाचा पराग बऱ्याचदा निम्मा अडतो, कधी पूर्णच अडतो. अनोळखी झाडाचा पराग बहुधा सुटतो. या व्यवस्थेचा फायदा मोठा आहे. प्रत्येक बी दोन वेगळ्या झाडांची असते, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, रायवळ येतो, म्हणून कोकणात कलमं बांधतात; सफरचंदाचंही अगदी तसंच आहे. शिमल्यातला, काश्मीरमधला प्रत्येक बागायतदार खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या दुसऱ्या रोपावर, हव्या त्या वाणाचा डोळा भरतो किंवा काडी बांधतो, बी लावून बाग करत नाही. माणसाला ही वेगळेपणाची सवय गैरसोयीची वाटते. जंगलात मात्र त्याच वेगळेपणावर जात तग धरते: एखाद्या वर्षी उशिरा गोठवणारं दव पडलं, एखादी बुरशी आली, तरी सगळी झाडं एकदम सापडत नाहीत.

आता या खुणांच्या तपासणीची मर्यादा लक्षात घ्या. तपासणी एवढीच होते की ‘तू माझाच तर नाहीस ना?’ ‘तू माझ्या जातीचा आहेस का?’ हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. लागवडीच्या सफरचंदाचा पराग रानसफरचंदाच्या फुलावर पडला आणि खूण वेगळी असली, तर त्याला वाट मोकळी. दोन्हींना गुणसूत्रांच्या सतरा-सतरा जोड्या आहेत, फुलायचा हंगाम बराचसा एकच आहे, मधमाश्या आणि भुंगे दोन्हींवर बसतात. होणारं संकरित रोप निरोगी असतं आणि त्यालाही पुढे बिया धरतात. निसर्गात दोन जातींमध्ये सहसा जी आडकाठी असते, ती इथे जवळजवळ नाही.

त्यात रानसफरचंदाची राहण्याची पद्धत भर घालते. या झाडाला ऊन लागतं. दाट जंगलात ओक आणि बीचच्या सावलीत ते झुरतं. म्हणून ते जंगलाच्या कडेला, कुरणात, नदीकाठच्या विरळ झाडीत, शेताच्या जिवंत कुंपणात वाढतं आणि तिथेही घोळक्याने नाही. एक झाड इथे, दुसरं बऱ्याच अंतरावर. पूर्वी रानडुकरं, हरणं, घोडे फळं खाऊन बिया दूर नेऊन टाकत, त्यामुळे ही विखुरलेली राहणी त्याला सोसत होती. आता दोन रानसफरचंदांच्या मधल्या पट्ट्यात बागा आहेत, घरामागची झाडं आहेत, गाभ्यातून उगवलेली झाडं आहेत. झाडाला दुसऱ्याचा पराग लागतोच. जवळचा दुसरा कोण? बहुतेक ठिकाणी बागेतलं सफरचंद. ज्या गुणामुळे ते स्वतःशी जुळत नाही, तोच गुण त्याला बागेच्या दारात नेऊन उभा करतो.

हा गुण आपल्या ताटातल्या सफरचंदाशीही थेट जोडलेला आहे. वाशीच्या बाजारात येणारं हिमाचली रेड डेलिशियस ज्या बागांतून येतं, तिथे एकाच वाणाची शेकडो झाडं असतात आणि ती सगळी मुळात एकाच झाडाची कलमं, म्हणून सगळ्यांच्या खुणा एकच. ती एकमेकांना फळवू शकत नाहीत. त्यामुळे बागेत मधूनमधून परागासाठी वेगळ्या वाणाची झाडं लावावी लागतात. काही बागांत त्यासाठी क्रॅब ॲपलचीच झाडं लावतात (लहान फळांच्या इतर सफरचंद जातींनाही हेच नाव आहे), कारण त्यांना फुलं मुबलक येतात आणि बरेच दिवस टिकतात. परागाची झाडं कमी पडली तर बागायतदार दुसरीकडून फुललेल्या डहाळ्या तोडून आणतात आणि पाणी भरलेल्या पिशव्यांत किंवा बाटल्यांत घालून झाडांना टांगतात. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. फुलोरा टिकतो थोडेच दिवस. त्या दिवसांत पाऊस लागला आणि माश्या बाहेर पडल्या नाहीत, तर त्या वर्षीचं उत्पन्न गेलं.

हिमालयालाही स्वतःचं रानसफरचंद आहे, पण ते युरोपातल्याहून वेगळं. त्याचं नाव मेलस बकाटा. फळ जेमतेम एक सेंटिमीटरचं, लांब बारीक देठावर लोंबणारं, आणि एक खूण अशी की फळ पिकेपर्यंत खालची पाच हिरवी दलं गळून पडलेली असतात, तिथे नुसता वण राहतो. सायबेरियापर्यंत पसरलेली ही जात कडाक्याच्या थंडीला दाद देत नाही, म्हणून खुंट म्हणून तिला मोठी मागणी आहे.

आता प्रश्न असा की बागेतलं सफरचंद मुळात आलं कुठून. १९२९ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव आताच्या कझाकस्तानातल्या अल्माटीला गेला होता. तिथल्या तियानशान पर्वताच्या उतारांवर त्याला सफरचंदांची अख्खी जंगलं दिसली. मेलस सिव्हर्सी नावाच्या तिथल्या जातीला मोठी, रंगीत आणि काही झाडांवर चक्क गोड फळं येतात. बागेतल्या सफरचंदाचा उगम तिथलाच असणार, असं त्याने मांडलं. पुढे जनुकीय अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. मग बराच काळ असं मानलं गेलं की व्यापारी मार्गांनी हे फळ पश्चिमेला आलं आणि युरोपच्या आंबट रानसफरचंदाचा त्यात काही वाटा नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे चित्र बदललं. चीनपासून स्पेनपर्यंतच्या ८३९ झाडांच्या डीएनएची त्यात तुलना केली होती. निष्कर्ष असा: पाया तियानशानचाच, पण पश्चिमेकडे येता येता लागवडीच्या सफरचंदात युरोपच्या रानसफरचंदाचा अंश इतका मिसळला की आजचं बागेतलं सफरचंद आपल्या मूळ पूर्वजापेक्षा युरोपच्या रानसफरचंदाला अधिक जवळचं आहे. बागेतल्या फुलांवर रानातला पराग पडत राहिला, त्या बियांतून आलेल्या रोपांतून माणसांनी आवडीची झाडं निवडली आणि त्यांची कलमं केली. हे एका दिवसात झालं नाही, शतकानुशतकं चाललं. मला या अभ्यासाचं फार मोल वाटतं. ज्या झाडाकडे आंबट म्हणून कोणी ढुंकून पाहत नाही, ते आपल्या रोजच्या फळाचं अर्धं घराणं निघालं.

म्हणजे देवाणघेवाण जुनीच आहे. मग आज त्याची काळजी का करायची? कारण पारडं उलटलं आहे. पूर्वी रानटी झाडं भरपूर होती आणि बागेतली मोजकी. आता एका बागेत जितकी झाडं असतात तितकी रानसफरचंदं अख्ख्या परिसरात नसतात. पराग आता मुख्यतः बागेकडून रानाकडे वाहतो. त्यातून येणारं प्रत्येक रोप निम्मं बागेचं असतं, त्याच्या पुढचं कदाचित तीन चतुर्थांश. म्हातारं अस्सल झाड मेलं की त्याच्या जागी त्याचंच मूल उभं असतं, पण ते मूल अस्सल रानसफरचंद नसतं.

हे शोधून काढायला डोळे पुरत नाहीत. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो आणि तो किती वेळा आलाय हे झाडागणिक बदलतं. अशा काही ठिकाणांची मोजणी करून, खात्रीच्या रानटी झाडांशी आणि खात्रीच्या वाणांशी तुलना केली, की एखाद्या झाडात कोणाचा अंश किती हे सांगता येतं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये एडिनबरोच्या वनस्पती उद्यानातील संशोधकांनी असा अभ्यास केला, तेव्हा दिसायला रानटी वाटणाऱ्या झाडांतही संकरित झाडांचं प्रमाण लक्षणीय निघालं. युरोपात इतरत्रही हेच चित्र आहे. पानाच्या लवीची परीक्षा साफ संकर पकडते. तीन-चार पिढ्यांपूर्वी शिरलेला अंश मात्र तिच्या नजरेतून निसटतो.

तरीही कोणी विचारेल: आंबटच फळ, मिसळलं तर बिघडलं काय? याचं उत्तर एका रोगाच्या गोष्टीत आहे. सफरचंदावर स्कॅब नावाचा बुरशीचा रोग पडतो. पानांवर आणि फळांवर काळपट, खडबडीत डाग येतात, फळ वेडंवाकडं होतं, चिरतं आणि बाजारात उचललं जात नाही. काश्मीरमध्ये १९७३ साली याची मोठी साथ आली, नंतर हिमाचलातही ती पोचली. तेव्हापासून दर हंगामात बुरशीनाशकाच्या फवारण्या ठरलेल्या.

या रोगाला सहज दाद न देणारं एक झाड अमेरिकेत होतं. ते बागेतलं नव्हतं, मेलस फ्लोरिबुंडा नावाचं शोभेचं, जपानहून आलेलं क्रॅब ॲपल होतं. इलिनॉय विद्यापीठात १९१४ साली त्याच्या ‘८२१’ क्रमांकाच्या झाडाशी एका बागायती वाणाचा संकर केला गेला होता. त्या वेळी रोगाचा विचारही नव्हता. त्या संकराच्या संततीत रोगप्रतिकार आहे हे पुढे १९४० च्या दशकात लक्षात आलं. मग पुन्हा पुन्हा मोठ्या फळाच्या वाणांशी संकर करत, आंबट लहान फळाचा वारसा पुसत आणि तेवढं एक जनुक राखत, १९७० साली ‘प्रिमा’ नावाचा खाण्याजोगा वाण बाजारात आला. पहिल्या संकरापासून छप्पन्न वर्षं लागली. त्यानंतर त्याच जनुकाच्या जोरावर जगभर डझनांनी वाण निघाले.

आणि मग १९९३ साली संशोधकांनी जाहीर केलं की बुरशीची एक नवी जात त्या जनुकालाही पुरून उरली आहे. एवढी वर्षं खर्ची घालून मिळवलेलं कुलूप उघडलं गेलं. एका झाडातून एक जनुक उचललं आणि सगळी मदार त्यावर ठेवली, की एक ना एक दिवस हे होणारच. उपाय एकच असतो: पुन्हा रानात जायचं आणि वेगळं काही शोधायचं. त्यासाठी रानात शोधण्यासारखं काहीतरी शिल्लक असावं लागतं. एखादं झाड उशिरा फुलतं म्हणून गोठवणाऱ्या दवातून वाचतं, एखादं ओल्या जमिनीत तग धरतं, एखाद्याच्या पानावर बुरशी बसतच नाही. हे गुण कुठल्या झाडात आहेत हे आधीपासून कोणालाच माहीत नसतं. म्हणून नमुन्यादाखल चार झाडं जपून भागत नाही. पुष्कळ, निरनिराळ्या प्रदेशांतली, एकमेकांहून वेगळी झाडं जपावी लागतात. माझ्या मते रानसफरचंदाच्या संवर्धनाचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

याशिवाय हे झाड ज्या परिसरात उभं असतं, तिथेही त्याचा उपयोग होतच असतो. वसंतात भुंगे आणि रानमधमाश्या फुलांवर असतात. खाली पडलेली फळं थंडी संपेपर्यंत काळे कस्तुर, कोल्हे, बिज्जू खात राहतात. फांद्यांवर बांडगूळ धरतं. इथे नाताळात दारावर टांगतात ते मिसलटो म्हणजे हेच बांडगूळ, आणि सफरचंदाची झाडं त्याला फार मानवतात. माणसानेही या फळाचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात मधून चिरून वाळवलेली लहान सफरचंदं कोळशासारखी काळी होऊन टिकलेली सापडली आहेत. मध्ययुगात फळं पिळून निघणारा आंबट रस स्वयंपाकात लिंबासारखा वापरत.

आजही इथल्या घरांत त्याची जेली होते. फळं अख्खीच, सालीबियांसकट, थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची. तो लगदा मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचा. पिळायचा नाही, पिळला की जेली गढूळ होते. निथळलेला रस साखर घालून उकळला की आपोआप घट्ट होतो, कारण या फळात पेक्टिन भरपूर असतं. गर कुठेच दिसत नाही. बरणीत उरते ती आरपार दिसणारी नारिंगी-गुलाबी जेली, चवीला गोड आणि मागाहून आंबट. लाकूड कठीण आणि बारीक कणांचं, म्हणून पूर्वी हातोडे आणि पाणचक्कीच्या चाकांचे दाते त्यापासून करत.

एखाद्याला वाटेल, एवढं असेल तर अस्सल झाडाच्या बिया गोळा करून रोपं लावली की झालं. तसं होत नाही. आई अस्सल असली तरी बीचा बाप कोण हे आपल्याला दिसत नाही आणि झाडाच्या आसपास बाग असेल तर तो बागेतलाच असण्याची शक्यता मोठी. म्हणून युरोपात वनखात्यांनी आणि संवर्धनाचं काम करणाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला आहे. आधी पानं, देठ आणि फळं पाहून संशयित झाडं वेगळी काढायची. उरलेल्यांच्या पानांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून डीएनए तपासायचा. जी झाडं अस्सल ठरतील त्यांच्या काड्या ऐन थंडीत, झाड झोपेत असताना, कापून आणायच्या आणि खुंटांवर कलमं बांधायची. वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांची ही कलमं एकत्र अशा जागी लावायची जिथे आसपास सफरचंदाची बाग नाही. एकाच झाडाची कलमं लावून चालणार नाही, खुणा सारख्या असल्यामुळे बीच धरणार नाही. पुष्कळ निरनिराळी झाडं लागतात. काही वर्षांनी ती फुलली की एकमेकांना फळवतात, आणि त्या बियांचे आई-बाप दोन्ही माहीत असतात.

त्या बिया लगेच पेरून उगवत नाहीत. सफरचंदाच्या बीला उगवण्याआधी दोन-तीन महिने ओलसर थंडी लागते. ती मिळाली नाही तर बी झोपूनच राहते. कळ्यांचंही तसंच. थंडीचे पुरेसे तास भरल्याशिवाय त्या नीट फुटत नाहीत आणि म्हणूनच महाराष्ट्राच्या मैदानात नेहमीची वाणं फळत नाहीत. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी निवडलेल्या ‘एचआरएमएन-९९’सारख्या, कमी थंडीत भागवणाऱ्या वाणांमुळे अलीकडे आपल्याकडेही काही शेतकरी सफरचंद लावून पाहू लागले आहेत. रानसफरचंदाच्या बिया रोपवाटिकेत ओल्या वाळूत मिसळून हिवाळाभर गारव्यात ठेवतात. वसंतात अंकुर दिसला की पेरतात, रोप हातभर झालं की ज्या प्रदेशातल्या आई-बापांचं ते आहे त्याच प्रदेशातल्या कुंपणात, जंगलाच्या कडेला, उन्हाच्या जागी लावतात, आणि हरणांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून पहिली काही वर्षं भोवती जाळी उभी करतात.